निर्दोष सुटल्यानंतर : एका काळ्या खेळाडूच्या निमित्ताने

१

३ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतील अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक फुटबॉल संघाने ब्रायन बँक्स नावाच्या एका काळ्या तरुणाशी करार केला. त्याचे वय तेव्हा सत्तावीस होते. करार होण्यापूर्वी दहा-अकरा महिने लॉस एंजलिस काउंटीच्या न्यायालयाने त्याच्यावरील बलात्काराचा खटला रद्दबातल केला होता. त्या खटल्यापायी तो पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि त्यानंतरची जवळजवळ पाच वर्षे सरकारी पाळतीखाली जगला होता. मूळ आरोप झाला तेव्हा तो सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा होता.

खेळाच्या पानावरची ही बातमी आपल्या नियतकालिकात कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. अमेरिकेतील काळ्यांचा लढा आपल्या चळवळीला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. आपण काळ्यांची कविता वाचली, त्यांची आत्मकथने वाचली, त्यांच्या मोर्च्यांवर परिसंवाद घेतले. त्यांची न्यायालये मात्र आपण पुरेशी वाचली नाहीत. वास्तविक काळ्या माणसाची आणि व्यवस्थेची रोजची गाठ पडते ती पोलीस चौकीत आणि न्यायालयात. आपलीही तिथेच पडते.

हा लेख लिहावासा वाटला त्याला एक घरचे कारणही घडले. मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे वस्तीतली पोरे अर्ज, दाखले, फॉर्म घेऊन माझ्याकडेच येतात. गेल्या वर्षी असाच एक जुना विद्यार्थी आला. कबड्डीचा चांगला खेळाडू. जयंतीच्या मिरवणुकीत झालेल्या मारामारीच्या गुन्ह्यात त्याचे नाव गोवले गेले होते. चार वर्षे तारखा झाल्या, साक्षीदारांनी त्याला ओळखले नाही, न्यायालयाने त्याला सोडून दिले. आता पोलीस भरतीच्या यादीत त्याचे नाव लागले होते आणि पुढ्यात चारित्र्य पडताळणीचा फॉर्म होता. त्यात विचारले होते, की तुमच्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय? तो म्हणाला, ‘सर, मी सुटलोय. मग इथं काय लिहू? हो का नाही?’

न्यायालयाने सोडलेल्या माणसाला समाज सोडतो काय, हा त्याचा प्रश्न होता. बँक्सच्या हकिगतीत हाच प्रश्न मुळापासून दिसतो. म्हणून ती नीट समजून घेऊ.

२

प्रथम खेळाविषयी. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू लांबट असतो आणि तो बहुतेक वेळ हातात धरूनच पळायचे असते. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यावर चिलखतासारख्या गाद्या. कबड्डीत चढाईवर आलेल्या गड्याची आपण पकड करतो, तसे इथे चेंडू घेऊन येणाऱ्याला अंगावर झेपावून आडवे करायचे असते. बचावाच्या फळीमागे उभे राहून हे काम करणाऱ्या गड्याला लाइनबॅकर म्हणतात. बँक्स लाइनबॅकर होता.

या खेळाची एक शिडी असते. शाळेत चमकलेल्या मुलाला विद्यापीठ शिष्यवृत्ती देऊन घेते. फी, राहणे, जेवण सारे विद्यापीठाकडे. विद्यापीठात चमकलेल्याला व्यावसायिक संघ घेतो. ज्यांच्या घरी उच्च शिक्षणाला पैसा नाही अशा काळ्या कुटुंबांना ही शिडी फार मोलाची वाटते, मग वरच्या पायरीवर पोचणारे हजारांत मोजके का असेनात. बँक्स कॅलिफोर्नियातील लाँग बीच पॉलिटेक्निक हायस्कूलचा विद्यार्थी. या शाळेतून कितीतरी खेळाडू व्यावसायिक संघांत गेले आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या बलाढ्य संघाकडे जाण्याचे त्याने तोंडी कबूलही केले होते. पीट कॅरोल हे तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक होते.

२००२ च्या उन्हाळ्यात शाळेतील एका पंधरा वर्षांच्या मुलीने त्याच्यावर पळवून नेल्याचा आणि बलात्काराचा आरोप केला. दोघे शाळेच्या आवारात एकांतात भेटले होते, काही शारीरिक लगट झाली होती, पण संभोग झाला नाही आणि जे झाले ते दोघांच्या संमतीने, असे त्याचे म्हणणे होते. वैद्यकीय नमुन्यांत त्याच्या शरीराचा कोणताही अंश आढळला नाही. तरीही त्याला अटक झाली. जामिनाची रक्कम दहा लाख डॉलरच्या वर. त्याच्या आईला ती उभी करणे शक्य नव्हते. सोळा वर्षांचा असूनही त्याच्यावर प्रौढ माणूस म्हणून खटला भरण्यात आला. सगळे आरोप शाबीत झाले असते तर एकेचाळीस वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती.

खटल्याच्या दिवशी त्याच्या वकिलाने त्याच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. आरोपाला आव्हान देऊ नकोस. तीन महिने तुला निरीक्षणासाठी तुरुंगात ठेवतील, मग बहुधा देखरेखीवर सोडतील. खटला लढवलास तर ज्यूरी गोरी असेल आणि तिला दिसेल तो एक धिप्पाड काळा पोरगा. बँक्सने पुढे अनेकदा सांगितले आहे, की विचार करायला त्याला दहा मिनिटे मिळाली आणि आईशी बोलू दिले नाही. त्याने प्रस्ताव मान्य केला. न्यायाधीशाने सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. पाच वर्षे दोन महिने तुरुंगात काढून तो २००७ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आला.

३

इथे थोडे थांबले पाहिजे. निर्दोष माणूस गुन्हा का मान्य करील, असे आपल्याला वाटते. पण अमेरिकेची फौजदारी न्यायव्यवस्था चालते ती बव्हंशी अशा मान्यतेवर. इंग्रजीत तिला प्ली बार्गेनिंग म्हणतात. आपण सरळ सौदा म्हणू.

सौद्याची रीत अशी. सरकारी वकील प्रथम होतील तेवढी कठोर कलमे लावतो. मग आरोपीला सांगतो, गुन्हा मान्य कर, कलमे कमी करतो आणि शिक्षाही कमी मागतो. आरोपी हो म्हणाला की साक्षी नाहीत, पुरावे नाहीत, उलटतपासणी नाही. बँक्सने दिलेले उत्तर कायद्याच्या भाषेत ‘मी आव्हान देत नाही’ असे होते. त्यात गुन्हा तोंडाने कबूल केलेला नसतो, पण शिक्षेपुरता परिणाम तोच होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये मिसुरी विरुद्ध फ्राय या खटल्यात स्वतःच नोंदवले, की संघराज्याच्या न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतील ९४ टक्के दोषसिद्धी गुन्हा मान्य केल्यामुळे झालेल्या असतात. नानावटी खटल्यामुळे मराठी वाचकाला ज्यूरी हा शब्द ओळखीचा आहे. अमेरिकन चित्रपटांतूनही ती आपण पाहिलेली असते. प्रत्यक्षात शंभरांतल्या चार-पाच दोषींनाही ज्यूरीचे तोंड दिसत नाही.

सौदा नाकारणाऱ्याचे काय होते? १९७८ चे बॉर्डनकर्चर विरुद्ध हेज हे प्रकरण प्रसिद्ध आहे. केंटकी राज्यातील हेज या इसमावर ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकचा आरोप होता. सरकारी वकील म्हणाला, गुन्हा मान्य कर, पाच वर्षांची शिक्षा मागतो. नाहीतर सराईत गुन्हेगाराचे कलम लावतो. हेजने नकार दिला. वकिलाने ते कलम लावले आणि हेजला जन्मठेप झाली. यात घटनेचा भंग नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. खटला लढवण्याचा हक्क कागदावर शाबूत राहिला, फक्त तो बजावण्याची किंमत जन्मठेप ठरली. सोळा वर्षांच्या बँक्सपुढे हीच किंमत मांडलेली होती.

या सौद्यात वर्ण कोठे येतो? तो वकिलाच्या त्या एका वाक्यात येतो. गोरी ज्यूरी काळ्या पोराकडे कशी पाहील, हे वकिलाने आधीच गृहीत धरले होते. १९३१ साली अलाबामा राज्यातील स्कॉट्सबरो येथे नऊ काळ्या पोरांवर दोन गोऱ्या स्त्रियांनी बलात्काराचा खोटा आरोप केला आणि गोऱ्या ज्यूरींनी काही दिवसांत आठ जणांना मृत्युदंड फर्मावला. ते दंड पुढे अमलात आले नाहीत, पण पोरांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. हा इतिहास प्रत्येक काळ्या आईला ठाऊक असतो. म्हणजे ज्यूरी प्रत्यक्ष बसण्यापूर्वीच तिची भीती आपले काम करून जाते. अमेरिकेत निर्दोष ठरलेल्या कैद्यांची एक राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. तिच्या २०२२ च्या अहवालानुसार काळे लोक लोकसंख्येच्या १३.६ टक्के, पण चुकीने दोषी ठरून पुढे निर्दोष ठरलेल्यांत ५३ टक्के आहेत.

आपल्याकडे सौद्याची कायदेशीर तरतूद ५ जुलै २००६ पासून अमलात आली. सात वर्षांपेक्षा अधिक शिक्षेचे गुन्हे आणि स्त्रिया व लहान मुले यांच्याविरुद्धचे गुन्हे तिच्यातून वगळले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. तिचा वापर आपल्याकडे फार कमी होतो. पण म्हणून दबाव नाही असे नव्हे. आपल्याकडे तो तारखेच्या रूपाने येतो. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत असलेल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के लोक कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता असे. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा, त्याहून अधिक काळ बिहारमधील कच्चे कैदी तुरुंगात पडून असल्याचे हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ साली उघड झाले होते. जामिनाला माणूस नाही, वकिलाला पैसा नाही, अशा वेळी किरकोळ गुन्ह्यातला गरीब आरोपी ‘कबूल करतो साहेब, पण घरी जाऊ द्या’ म्हणतो. तालुक्याच्या कोर्टात दोन दिवस बसले तरी हे वाक्य ऐकायला मिळते.

४

तुरुंगातून सुटणे ही बँक्सच्या शिक्षेची अखेर नव्हती. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे त्याचे नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत चढले. घोट्याला उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारे यंत्र बांधले गेले. शाळा, बगिचे, मुले जमतात अशा जागा त्याला वर्ज्य झाल्या. कामाच्या अर्जात दोषसिद्धी लिहावी लागे आणि मग काम मिळत नसे.

हे वाचताना आपल्याला आपले काही आठवले पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इथल्या कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गाव सोडताना परवाना घ्यावा लागे. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंट अनेकांच्या वाडवडिलांनी भोगली आहे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आले १९८७ साली आणि शिक्का तोपर्यंत पुसला गेला नव्हता, हे त्या पुस्तकाने महाराष्ट्राला दाखवले. तिकडे हजेरी यंत्राने घेतली जाते, इकडे ती वहीत घेतली जात असे.

२०११ साली अकल्पित असे घडले. जिने आरोप केला होता तिनेच बँक्सशी समाजमाध्यमावर संपर्क साधला. तो सावध राहिला. एका खासगी तपासनिसाच्या मदतीने भेट घडवून आणली गेली आणि तिचे चित्रमुद्रण झाले. आपल्यावर बलात्कार झाला नाही आणि आपल्याला पळवूनही नेले नव्हते, असे ती त्यात म्हणाली. पण सरकारी वकिलापुढे हे सांगायला ती कचरत होती. आरोपानंतर तिच्या कुटुंबाने शाळा चालवणाऱ्या मंडळावर दावा लावून पंधरा लाख डॉलर मिळवले होते, ते परत करावे लागतील ही भीती. (पुढे २०१३ साली ही रक्कम दंडासह परत करण्याचा हुकूम न्यायालयाने दिलाच.)

बँक्स कॅलिफोर्निया इनोसन्स प्रोजेक्टकडे गेला. चुकीने दोषी ठरलेल्यांचे खटले विनामूल्य लढवणारी ही संस्था सॅन दिएगो येथील एका विधी महाविद्यालयात काम करीत असे. जस्टिन ब्रुक्स तिचे प्रमुख. कायद्याचे विद्यार्थी तिथे कागद वाचण्यापासून साक्षीदार शोधण्यापर्यंतची कामे करीत. शिक्षा भोगून आधीच बाहेर आलेल्या माणसाचे प्रकरण या संस्थेने तोवर हाती घेतले नव्हते. ते तिने घेतले. २४ मे २०१२ रोजी सरकार पक्षाने स्वतःच मान्य केले, की हा खटला टिकत नाही. न्यायाधीशाने तो रद्द केला. काही मिनिटांचे कामकाज. सव्वीस वर्षांचा बँक्स टेबलावर डोके टेकून रडला. मग त्याच्या घोट्याचे यंत्र काढले गेले.

५

आता फुटबॉल संघाकडे वळू.

खटला रद्द झाल्याची बातमी देशभर गेली आणि काही संघांनी त्याला चाचणीला बोलावले. पहिल्यांपैकी एक सिॲटल सीहॉक्स. तिथले प्रशिक्षक होते तेच पीट कॅरोल, ज्यांच्या विद्यापीठात बँक्स दहा वर्षांपूर्वी जाणार होता. चाचण्या झाल्या, करार झाला नाही. दुय्यम दर्जाच्या एका लीगमध्ये लास वेगासच्या संघाकडून तो थोडे खेळला. ती लीगच त्या हंगामात मध्येच बंद पडली. मग एप्रिल २०१३ मध्ये अटलांटाने करार केला. त्याच ऑगस्टमध्ये हंगामपूर्व सामन्यांत तो संघाचा गणवेश घालून मैदानात उतरला. हंगाम सुरू होण्यापूर्वी मोठ्या यादीतून अंतिम संघ निवडतात. ३० ऑगस्टला त्याचे नाव कमी झाले. पुढच्या वर्षी लीगच्या मुख्य कार्यालयातच, पंचगिरीच्या विभागात, त्याला नोकरी मिळाली. त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्याने आत्मकथनही लिहिले.

या हकिगतीचा अमेरिकेत बहुतेकांनी लावलेला अर्थ असा की धीर धरला, देवावर विश्वास ठेवला, आणि स्वप्न पुरे झाले. व्यवस्थेला हा अर्थ सोयीचा आहे. त्यात चूक दुरुस्त होते, मालक उदार ठरतो, प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो. आपण हा अर्थ स्वीकारू नये, असे मला वाटते.

खेळाडूच्या शरीराला मुदत असते. लाइनबॅकर घडतो तो सोळा ते बावीस या वयात. विद्यापीठाच्या मैदानात रोज बरोबरीच्या गड्यांशी भिडून तो खेळ शिकतो. बँक्सची नेमकी ती वर्षे तुरुंगात गेली. सत्तावीसाव्या वर्षी त्याला मैदान मिळाले तेव्हा त्याच्यासमोर उभी होती ती वर्षे मैदानात काढलेली मुले. तो संघात टिकला नाही यात नवल नाही. तो मुळात केवढा खेळाडू होता, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. न्यायालय दोषसिद्धी पुसू शकते, पण माणसाने काय केले असते ते परत देऊ शकत नाही. या नुकसानीचा आकडा कोणत्याही भरपाईच्या कायद्यात बसत नाही.

मग त्या कराराला किंमत नाही काय? आहे, आणि ती वेगळ्या ठिकाणी आहे. अटलांटाने त्याला घेतले तेव्हा खटल्याचा प्रश्न मिटलेला धरला. काही महिन्यांनी त्याला वगळले तेही खेळ पाहून. घेताना आणि सोडताना त्याच्या पाठीमागची फाइल कोणी वाचली नाही. इतर नव्वदजणांना जी कसोटी तीच त्याला लावली. दहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला फक्त खेळाडू म्हणून तोलले. मला वाटते या हकिगतीतला सर्वांत न्याय्य भाग त्याचे वगळले जाणे हाच असावा. निर्दोष सुटलेल्याला कोणी यश बहाल करावे अशी मागणी नाही. त्याला रांगेत इतरांसारखे उभे राहू द्यावे, एवढीच आहे.

आणि ही रांगसुद्धा त्याला मिळाली ती बातमी देशभर गाजली म्हणून. ज्याच्या खटल्याची बातमी होत नाही, ज्याच्या आरोप करणाऱ्याचे चित्रमुद्रण होत नाही, त्याने काय करायचे?

६

आता त्या कबड्डीपटूच्या प्रश्नाकडे परत येतो.

२ जुलै २०१३ रोजी, म्हणजे बँक्स अटलांटाच्या संघात होता त्याच उन्हाळ्यात, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मेहर सिंग प्रकरणी निकाल दिला. दिल्ली पोलिसांत शिपाई म्हणून निवड झालेल्या उमेदवारांवर पूर्वी गुन्हे होते आणि ते त्यांतून सुटले होते. तरीही पोलीस खात्याने त्यांची निवड रद्द केली. न्यायालयाने खात्याची बाजू उचलून धरली. मुक्तता ‘सन्मानपूर्वक’ आहे की साक्षीदार फुटल्यामुळे किंवा संशयाचा फायदा मिळून झाली आहे, हे खाते पाहू शकते, असे ठरले. गंमत अशी की ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ हा शब्दप्रयोग फौजदारी प्रक्रिया संहितेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच अन्यत्र मान्य केले आहे. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात न्यायालयाने थोडी वाट मोकळी केली. माहिती लपवली तरी गुन्ह्याचे स्वरूप, वय, परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा, क्षुल्लक प्रकरणात माफ करावे, असे सांगितले. पण खरे लिहिले तरी नेमणूक केलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही, हेही त्याच निकालात आहे.

पोलीस दलासारख्या खात्याने उमेदवाराचे चारित्र्य पाहू नये, असे मी म्हणत नाही. शिपायाच्या हातात काठी असते आणि ती काठी आपल्याच पाठीवर पडते. प्रश्न असा आहे की संशयाचा फायदा म्हणजे काय? आरोप शाबीत करण्याचे ओझे सरकारवर असते. ते सरकारला पेलले नाही, एवढाच त्याचा अर्थ. सरकारच्या अपयशाचा डाग आरोपीच्या कपाळी का लावायचा? निर्दोषत्व शाबीत करण्याची सोय आपल्या कायद्यात नाही आणि फॉर्म तर तेच मागतो. शिवाय गुन्ह्यात नाव कोणाचे येते हेही पाहिले पाहिजे. मिरवणुकीत दोन्ही बाजूंनी दगड आले, तर पोलीस आधी कोणत्या वस्तीत शिरतात हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. ‘आणखी दहा-पंधरा इसम’ असे फिर्यादीत लिहिले जाते आणि त्या पंधरांत कोणाही पोराला बसवता येते.

महाराष्ट्रातलेच एक टोकाचे उदाहरण. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका दरोडा, खून व बलात्काराच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा गरीब माणसांना धरले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले, तपास सदोष होता असे म्हटले, आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे गेली. या माणसांच्या दाराशी चाचणीला बोलवायला कोणता संघ येणार?

७

एक सावधगिरीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. बँक्सची हकिगत पुष्कळ जण एका वाईट कामासाठी वापरतात. पाहा, बायका खोट्या तक्रारी करतात, असे म्हणायला ती त्यांना हाताशी लागते. आपल्या वाचकांनी तरी या रांगेत बसू नये.

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, तिने ओरड केली नाही. १९७९ साली चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ झाली, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला. दलित-आदिवासी स्त्रीची खरी तक्रारसुद्धा ठाण्याच्या पायरीवरून परत जाते, हा आपला अनुभव आहे. आणि ‘खोट्या तक्रारी’ हेच शस्त्र अत्याचार प्रतिबंधक कायद्यावरही उगारले गेले. २० मार्च २०१८ च्या निकालाने त्या कायद्यातील अटकेवर आणि गुन्हा नोंदवण्यावर अटी घातल्या. २ एप्रिलचा भारत बंद, संसदेची दुरुस्ती आणि १ ऑक्टोबर २०१९ चा फेरविचार, एवढे झाल्यावर त्या अटी गेल्या.

तेव्हा बँक्सच्या प्रकरणातला धडा ‘तक्रारीवर विश्वास ठेवू नका’ असा काढता येत नाही. एका पंधरा वर्षांच्या मुलीने खोटे सांगितले, हे खरे. पण सोळा वर्षांच्या मुलाला प्रौढ ठरवले सरकारने. आवाक्याबाहेरचा जामीन मागितला तो न्यायालयाने. जन्मठेपेची भीती दाखवून दहा मिनिटांत उत्तर मागितले ते व्यवस्थेने. तक्रारीचा नीट तपास झाला असता, पुरावा खुल्या न्यायालयात तपासला गेला असता, तर त्या मुलीचे खोटे तिथेच उघडे पडण्याची शक्यता होती. सौद्याने ती तपासणीच टाळली. मथुरेच्या प्रकरणातही तिच्या म्हणण्याची प्रामाणिक तपासणी झाली नाही. जिच्या किंवा ज्याच्या बाजूला जात, वर्ण, पैसा नाही, त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची तसदी न्यायसंस्था घेत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातला काळा पोरगा आणि ठाण्याच्या पायरीवरची आदिवासी मुलगी यांचे गाऱ्हाणे एकच आहे.

आपण करायचे काय? मोठ्या घोषणा करण्यापेक्षा काही साधी कामे सुचवतो. कॅलिफोर्नियात जे काम विधी महाविद्यालयाच्या मुलांनी केले ते आपल्या विधी महाविद्यालयांतील मुलांना करता येण्यासारखे आहे. तालुका विधी सेवा समितीत जाऊन कच्च्या कैद्यांचे कागद वाचणे हे अभ्यासमंडळाच्या बैठकीइतकेच चळवळीचे काम आहे. खटल्यातून सुटलेल्या प्रत्येक पोराने निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवली पाहिजे. शिक्षकांनी ती काढायला लावली पाहिजे. फॉर्ममध्ये खरे लिहायचे आणि सोबत निकाल जोडायचा, हेही त्याला आधी समजावून सांगितले पाहिजे. आणि आपल्या लोकांच्या ज्या शिक्षणसंस्था, पतसंस्था, वसतिगृहे आहेत, त्यांनी माणूस घेताना सुटलेल्या खटल्याबद्दल विचारूच नये. दुसऱ्याच्या फॉर्मवर टीका करण्यापूर्वी आपला फॉर्म एकदा वाचावा.

त्या पोराला मी ‘हो’ लिहायला सांगितले. निकालाची प्रत काढायला आम्ही दोघे कोर्टात गेलो. निकालात शेवटी तेच शब्द होते, संशयाचा फायदा देऊन. तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. ‘सर, मी तिथं नव्हतोच. मग फायदा कसला?’ मला उत्तर देता आले नाही. फॉर्म गेला आहे. कागद वरच्या कार्यालयात आहेत असे सांगतात. पोरगा रोज पहाटे कॉलेजच्या मैदानावर पळतो, कारण पुन्हा भरती निघाली तर पुन्हा पळावे लागेल, आणि वयाच्या अटीला आता फार दिवस उरलेले नाहीत.